खाऱ्या रणातील गोडे पाणी

प्रवास ही सधन माणसांची चैन आहे, अशी समजूत आमच्या खेड्यापाड्यांतून अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. शेतकरी घराबाहेर पडतो तो लग्नकार्यासाठी, आजारपणासाठी, बाजारासाठी किंवा कोर्टकचेरीसाठी. फार झाले तर यात्रेसाठी. केवळ एखादा मुलूख पाहावा म्हणून, आणि तेही बायकामुलांसह व म्हाताऱ्या आईबापांसह, कोठे जावे हा विचार त्याच्या मनास सहसा शिवत नाही. शिवलाच तर खर्चाचा अंदाज ऐकून तो मुकाट्याने माघारी जातो. तथापि घरची माणसे एकत्र प्रवासास निघाली म्हणजे जे घडते, ते वर्षभर एका छपराखाली राहूनही घडत नाही, असा आमचा अनुभव आहे. घरी ज्याचे त्याचे काम वेगळे, जेवणाची वेळ वेगळी, आणि आता तर प्रत्येकाच्या हातातला मोबाइलही वेगळा. प्रवासात मात्र शिदोरी एक, पाण्याचे भांडे एक आणि वाटही एकच. वर्षानुवर्षे न बोललेली माणसे तेथे एकमेकांस पाणी विचारू लागतात.

गेल्या हिवाळ्यात बऱ्हाणपूर जिल्ह्यातील फोपनार व त्याच्या आसपासच्या गावांतील आठ कुटुंबांबरोबर आठ दिवस कच्छमध्ये हिंडण्याचा योग आम्हांस आला. या कुटुंबांत आपली होती, तशीच शेजारधर्माने सामील झालेली अन्य धर्मीयांचीही होती. सर्वांत लहान प्रवासी चार वर्षांचा, आणि सर्वांत वडील म्हणजे शहात्तर वर्षांची एक आजी. मुलांचा आग्रह मुंबईचा किंवा गोव्याच्या समुद्राचा होता. आम्ही कच्छचे नाव काढले, तेव्हा एका गृहस्थांनी स्पष्टच विचारले, “फादर, ओसाड रान पाहायला पैसे कशाला घालवायचे?” त्यावर आम्ही एवढेच म्हणालो की, ज्याचा जन्म केळीच्या बागेत गेला त्याने एकदा तरी असा मुलूख पाहावा, जेथे घोटभर गोड्या पाण्यासाठी माणसास अक्कल खर्च करावी लागते. हे उत्तर सर्वांस पटले असे नाही. पण आजीने जाण्याचा निश्चय केला आणि प्रश्न मिटला.

फोपनार हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. १९६४ साली तेथील मातीतून बुद्धाच्या धातूच्या प्राचीन मूर्ती निघाल्या आणि त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. चौदा-पंधरा शतके त्या ठेव्यावरून नांगर फिरत होता व कोणास त्याची वार्ता नव्हती. ही हकिकत येथे सांगण्याचे कारण असे की, आपल्या पायाखाली काय आहे हे पुष्कळदा गावच्या माणसास ठाऊक नसते. या प्रवासात तोच धडा आम्हांस दुसऱ्या रीतीने मिळाला.

बऱ्हाणपूरहून भुसावळ आणि तेथून सुरत, हा आगगाडीचा मार्ग ताप्तीच्या खोऱ्यातून जातो. शाळेत पाठ केलेली नदी ती हीच, आणि ती सुरतेपाशी समुद्रास मिळते, हे मुलांनी पूर्वी पुस्तकात वाचले होते. आता तिच्या संगतीने ती जणू समुद्रापर्यंत गेली. सुरतेनंतर अहमदाबाद, आणि पुढे सुरजबारीची खाडी ओलांडली की कच्छ लागतो. रुळांच्या दुतर्फा मिठागरे आणि मिठाचे पांढरे ढीग दिसू लागतात. झाडे खुजी होतात. आमच्या मंडळींचे बोलणे हळूहळू कमी झाले.

कच्छ हा क्षेत्रफळाने भारतातील सर्वांत मोठा जिल्हा. पंचेचाळीस हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. एवढ्या मुलखात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. पाऊस आमच्या बऱ्हाणपुराच्या जवळजवळ निम्मा, आणि तोही लहरी. एका वर्षी पूर, तर पुढची दोन वर्षे कोरडी. उत्तरेस मोठे रण, पूर्वेस लहान रण आणि बाकीच्या अंगांस समुद्र व खाड्या. कच्छ या शब्दाचा संबंध कासवाशी जोडतात. पाण्यातून पाठ वर काढून बसलेल्या कासवासारखाच हा प्रदेश नकाशात दिसतो खरा.

भुज शहराच्या मध्यावर हमीरसर नावाचा तलाव आहे. पावसाळ्यात हा तलाव भरून वाहू लागला की भुजमध्ये सुट्टी जाहीर होते. नगराचे प्रमुख तलावाची पूजा करतात, आणि मेघलाडू नावाचे लाडू वाटले जातात. आमच्या मंडळींस या गोष्टीचे मोठे नवल वाटले. आमच्याकडे पुढाऱ्यासाठी सुट्टी मिळते, सणासाठी मिळते. पण तलाव भरला म्हणून कोणी शाळा बंद ठेवली नाही. यावर एका लहान मुलीने विचारले, “मग आपल्या गावी कशाची सुट्टी द्यायची?” तिच्या बापास उत्तर सुचले नाही. गावचे तळे पूर्वी कोठे होते, एवढे तरी त्यास सांगता आले असते, असे त्याने मागाहून आम्हांस म्हटले.

याच शहरावर २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी भूकंपाचा आघात झाला. तेरा हजारांहून अधिक माणसे गुजरातेत प्राणास मुकली आणि भुज, भचाऊ, अंजार ही गावे पाहता पाहता दगडमातीचे ढीग झाली. शहरालगतच्या भुजिया डोंगरावर त्यांचे स्मृतिवन उभारले असून ते २०२२ मध्ये लोकांस खुले झाले. या स्मारकाची एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. डोंगरउतारावर पावसाचे पाणी अडवणारे लहान लहान बंधारे बांधले आहेत आणि त्यांच्या भिंतींवर मृतांची नावे कोरली आहेत. जेथे पाणी साठते तेथेच नावे वाचावयाची. आम्ही तेथे काही वेळ उभे राहून मृतांसाठी प्रार्थना केली. आमच्यातील अन्य धर्मीय मंडळीही माथे लववून उभी होती.

भुजहून खावड्याच्या रस्त्याने उत्तरेस निघाले की कर्कवृत्त लागते. तेथे तशी पाटी आहे. मुलांनी एक पाय वृत्ताच्या अलीकडे व एक पलीकडे ठेवून छायाचित्रे काढून घेतली, आणि भूगोलाचा जो धडा गुरुजींस महिनाभरात पटवता आला नसता तो त्यांस दोन मिनिटांत पटला. पुढे भिरंडियारा येथे म्हशीच्या दुधाचा ताजा मावा मिळतो. या म्हशी बन्नी जातीच्या. बन्नी म्हणजे रणाच्या कडेचे विस्तीर्ण गवताळ रान. येथील म्हशी रात्रीच्या थंडाव्यात आपापल्या चरावयास जातात आणि पहाटे धारेच्या वेळी घरी परततात; उन्हात चरून अंगातले पाणी दवडणे त्यांस परवडत नाही. आमच्या मंडळींत चारजण दुभती जनावरे पाळणारे होते. त्यांनी या एका गोष्टीवर तासभर चर्चा केली.

धोरडोजवळचे पांढरे रण पाहण्यासाठीच बहुतेक प्रवासी कच्छला येतात. गुजरात सरकारने २००५ पासून तेथे हिवाळ्यात रणोत्सव सुरू केला आणि तंबूंचे एक शहरच आता दरसाल उभे राहते. हे रण म्हणजे एके काळी समुद्राचा फाटा होता; गाळाने तो हळूहळू भरून आला. आजही पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा खारे पाणी आत लोटतो, त्यात पावसाचे व वाहत आलेल्या नद्यांचे पाणी मिसळते, आणि कोसच्या कोस उथळ जळाचा पातळ थर पसरतो. दिवाळीनंतर ते पाणी सुकते आणि मिठाचा पांढरा थर मागे राहतो. आमच्या पोरांस प्रथम ते बर्फच वाटले. एकाने बोट लावून चाटून पाहिले आणि तोंड वाकडे केले. मग सर्वांनीच चाटून पाहिले, मोठ्यांनीही. सूर्य मावळताना तो सगळा विस्तार क्षणभर गुलाबी झाला. देवाने निर्मिलेल्या सौंदर्यापैकी काही असे आहे की जेथे अन्नाचा एक दाणाही उगवत नाही, हे त्या संध्याकाळी कळले. एका बाईने आम्हांस म्हटले, “इतके सुंदर आणि इतके निरुपयोगी!” आम्ही म्हटले, उपयोग नसलेल्या गोष्टीही देवाने केल्या आहेत, त्याने जग केवळ आपल्या बाजारासाठी केलेले नाही.

तथापि ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला ती पांढऱ्या रणात नव्हे, बन्नीच्या गवताळ रानात पाहावयास मिळाली. तेथे माळधारी, म्हणजे गुरे पाळणारे लोक, पिढ्यान्पिढ्या राहतात. बन्नीच्या जमिनीखालचे पाणी खारे. मग ही माणसे आणि त्यांची हजारो जनावरे जगली कशी? याचे उत्तर विरडा. पावसाळ्यात जेथे सखल भागात पाणी साठते अशी जागा माळधारी हेरून ठेवतात. साठलेले पाणी वाळूतून झिरपून खाली जाते आणि खाऱ्या पाण्याच्या वर त्याचा एक पातळ थर तरंगत राहतो, कारण गोडे पाणी खाऱ्याहून हलके असते. वरचे पाणी आटले की त्या जागी एक उथळ विहीर खणावयाची. तिची माती ढासळू नये म्हणून आतून लाकडाची चौकट बसवून भोवती गवत दाबावयाचे. तोच विरडा. त्यातील पाणी बेताने काढीत राहिले तर काही आठवडे, कधी काही महिने गोडे पाणी मिळते. पाणी खारट लागू लागले की तो बुजवून दुसरा उघडावयाचा. आता बन्नीत नळाचे पाणी पोहोचले आहे आणि पूर्वीइतके विरडे कोणी खणीत नाही. पण जुन्या माणसांच्या हातात ती विद्या अजून आहे.

एका वृद्ध माळधाऱ्याने आमच्या मंडळींस असा एक विरडा दाखविला. त्याची भाषा कच्छी, आमची मराठी. मध्ये मोडकेतोडके हिंदी. आमच्यातील एका शेतकऱ्याने त्यास विचारले की, चाचा, पाणी कमी पडले तर आणखी खोल का खणीत नाही? म्हातारा हसला. त्याचे म्हणणे असे की, खोल जाल तितके खारे लागेल; वरचे घ्यावे, थोडे घ्यावे, आणि मग जमिनीला विसावा द्यावा. हे ऐकताच आमची सर्व मंडळी गप्प झाली. त्या गप्प होण्याचे कारण वाचकांस सांगणे अवश्य आहे.

बऱ्हाणपूरचा जिल्हा केळीचा. केळीचे पीक बाराही महिने पाणी मागते. वाडवडिलांच्या वेळी मोटेच्या विहिरी होत्या; मग विजेचे पंप आले; मग बोअर आले. एकाचा बोअर तीनशे फुटांवर आटला तर शेजारी पाचशे फुटांवर जातो. त्याचे पाहून तिसरा सातशेवर. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या खालून पाणी ओढतो, आणि आपण स्वतःच्याच जमिनीतले काढतो आहो असे समजतो. कर्ज वाढते, पाणी मात्र वाढत नाही. ठिबक सिंचनाने पुष्कळांचे पाणी वाचले हे खरे; पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर केळी लावली तर बचत कोठे राहिली?

या मंडळींत दोन सख्खे भाऊ होते. त्यांची नावे सांगणे उचित नाही आणि आवश्यकही नाही. अशी भावंडे प्रत्येक गावात आहेत. बापाची एक विहीर, तीवर दोघांच्या पाळ्या. पाळीवरून बोलणे झाले, बोलण्यावरून भांडण झाले, आणि सहा वर्षांपूर्वी दोघांनी बांधाच्या दोन बाजूंस स्वतंत्र बोअर घेतले. तेव्हापासून एकमेकांशी शब्द नाही. विहीर मध्येच पडून होती. तीत काटेकुटे आणि प्लास्टिकच्या पिशव्या. त्यांची आई म्हणजेच ती शहात्तर वर्षांची आजी. कच्छला जायचे तर दोन्ही पोरांबरोबर, नाही तर मुळीच नाही, असे तिने निक्षून सांगितले होते, म्हणून ते दोघे आले. पण डब्यात एक या टोकास व दुसरा त्या टोकास.

विरड्याच्या काठी ही आजी वाकून आत पाहत होती. माळधाऱ्याच्या सुनेने तिला पितळेच्या भांड्यातून पाणी दिले. ते पिऊन तिने तोंड पुसले आणि कोणाकडेही न पाहता म्हणाली, “या बाईच्या खाऱ्या जमिनीत गोडं पाणी राहिलं. आपल्या गोड जमिनीत आपण काय ठेवलं?” दोघेही मुलगे जवळच होते. कोणीच काही बोलले नाही. रात्री मुक्कामी मात्र धाकट्याने मोठ्यास विचारले, “दादा, विहिरीचा गाळ काढायला किती लागतील?” सहा वर्षांनंतरचे ते पहिले वाक्य. मोठ्याने उत्तर दिले ते रकमेच्या आकड्यात, पण दिले. आम्ही शेजारच्या खाटेवर होतो आणि झोपेचे सोंग घेणे हेच त्या वेळी आमचे कर्तव्य होते.

दुसऱ्या दिवशी धोळावीरा पाहिले. खावड्याहून रणाच्या मधून जाणारा नवा रस्ता आता थेट खडीर बेटावर नेतो. दोन्ही बाजूंस पांढरे मीठ आणि मध्ये काळी रेघ. या बेटावर साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू संस्कृतीचे एक मोठे नगर नांदत होते. जगत्पती जोशी यांनी १९६० च्या दशकात ही जागा उजेडात आणली आणि १९९० पासून रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन झाले. २०२१ मध्ये युनेस्कोने धोळावीरेचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. नगराच्या उत्तरेस मानसर व दक्षिणेस मनहर असे दोन ओढे; दोन्ही पावसाळ्यापुरते वाहणारे. या नगरवासीयांनी त्यांवर बंधारे घातले, पाणी वळविले आणि तटाच्या आत उतारावर एकाखाली एक असे तलाव खोदले. पूर्वेकडील एका तलावाची लांबी ७३ मीटर व रुंदी २९ मीटर आहे. त्यास खाली उतरावयास दगडी पायऱ्या आहेत. किल्ल्यावर पडणाऱ्या पावसाचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून दगडी नाल्या बांधल्या आहेत. राजवाडा कोणाचा, राजाचे नाव काय, हे आजवर कोणास उलगडलेले नाही, कारण त्यांची लिपीच वाचता येत नाही; पण त्यांनी पाणी कसे साठविले हे निरक्षर माणसासही पाहून कळते.

परतताना लखपत पाहिले. सात किलोमीटर लांबीचा भक्कम तट, आणि आत तुरळक वस्ती व ओसाड घरे. एके काळी सिंधू नदीचा एक फाटा येथून समुद्रास मिळत असे. बंदर गजबजलेले होते आणि लाखोंची उलाढाल होती, असे सांगतात. १६ जून १८१९ रोजी भूकंप झाला. उत्तरेकडे जमीन उचलली जाऊन मैलोगणती लांबीचा एक बांध आपोआप उभा राहिला. माणसाने न बांधलेला म्हणून त्यास अल्लाबंद म्हणतात. पाण्याची वाट मोडली आणि तिच्याबरोबर लखपतचे दिवसही गेले. तटाचा एक दगडही शत्रूने पाडला नव्हता. पाणी गेले एवढेच कारण पुरले. हे ऐकताना आमचे शेतकरी बांधव तटावरून शून्य खाडीकडे पाहत होते. आम्ही त्यांस उपदेश केला नाही. तशी गरज नव्हती.

आता घरची गोष्ट. बऱ्हाणपूर शहराजवळ कुंडी भंडारा आहे. फोपनारच्या आमच्या प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिकांनी तो कधी आत उतरून पाहिला नव्हता. परत आल्यावर पहिल्याच रविवारी मिस्सेनंतर ही मंडळी तो पाहण्यास गेली. सातपुड्यावर पडलेला पाऊस डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांच्या सच्छिद्र पट्ट्यात मुरतो आणि जमिनीच्या पोटातून ताप्तीकडे सरकत जातो. ते पाणी वाटेतच धरून, कोणत्याही यंत्रावाचून, केवळ जमिनीच्या उताराने शहरात आणावयाचे, ही योजना जहांगीर बादशहाच्या वेळी, १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाने अमलात आणली. जमिनीखाली लांबच लांब बोगदा आणि त्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या. त्या शंभराहून अधिक आहेत. ही विद्या इराणातील. तेथे अशा भुयारी पाटांना कनात म्हणतात, आणि त्यांवर वाळवंटात शेकडो वर्षे बागा पोसल्या गेल्या. इराणातील कनातींस युनेस्कोने २०१६ मध्ये जागतिक वारशाचा मान दिला. आपला कुंडी भंडारा २०२४ मध्ये त्या मानाच्या संभाव्य यादीत आला. चारशे वर्षे झाली, आणि त्या बोगद्यात पाणी अजून वाहते आहे.

हे पाणी कोठून येते? ज्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात पाऊस मुरतो तेथून. तो पट्टा उघडा, झाडोऱ्याचा आणि मोकळा राहिला तर पाणी मुरेल. तेथे बोअरांची चाळण झाली तर चारशे वर्षांचा झरा एका पिढीत आटेल. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी ताप्ती खोऱ्यात भूजल पुनर्भरणाच्या मोठ्या योजनेचा करार केला. तीत पुराचे पाणी याच पायथ्याच्या पट्ट्यात मुरविण्याची कल्पना आहे. योजना मोठी आहे आणि तिला वेळ लागेल. पण सरकारचा कालवा येईपर्यंत आपल्या विहिरीतील काटे काढण्यास कोणाच्या कराराची वाट पाहावयाची?

पवित्र शास्त्रात, उत्पत्तीच्या पुस्तकात, इसहाकाची एक हकिकत आहे. त्याच्या बापाने, अब्राहामाने, खणलेल्या विहिरी शत्रूंनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेली नावेच त्यांस दिली. पुढे त्याच्या चाकरांनी नव्या विहिरी खणल्या तेव्हा गुराख्यांनी तंटा केला. एका विहिरीचे नाव कलह पडले, दुसरीचे वैर. तो तेथून पुढे गेला व तिसरी खणली. तिच्यासाठी कोणी भांडले नाही, आणि तिच्या नावाचा अर्थ होता मोकळी जागा. आमच्या शिवारात कलह आणि वैर या नावांच्या विहिरी आज किती आहेत, याची मोजदाद प्रत्येक गावाने आपापली करावी. आमच्या शिवारात मात्र एक फरक आहे. येथे विहिरी बुजविणारे शत्रू बाहेरून आलेले नाहीत.

ज्या कुटुंबांस असा प्रवास करण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. कच्छला नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत जावे. दिवसा ऊन लागते व रात्री बोचरी थंडी पडते. म्हाताऱ्यांसाठी शाल आणि मुलांसाठी टोपी विसरू नये. पांढऱ्या रणात जाण्यास परवाना लागतो, म्हणून प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असावे. उत्सवाच्या तंबूंत राहणे महाग पडते. भुजमध्ये मुक्काम करून गाडीने जाऊन येणे कुटुंबास परवडते. कच्छ हा राजकोट धर्मप्रांतात मोडतो. रविवार प्रवासात येत असेल तर मिस्सेची चौकशी निघण्यापूर्वीच करून ठेवावी. हातकागद, भरतकाम, अजरखची छापील वस्त्रे अशा वस्तू कारागिराच्या घरूनच घ्याव्यात आणि अतोनात घासाघीस करू नये. अजरखच्या रंगास पुष्कळ पाणी लागते आणि पाण्याच्या अडचणीमुळे या कारागिरांपैकी कित्येकांनी भूकंपानंतर जुने गाव सोडून अजरखपूर वसविले, हे ध्यानात असले म्हणजे कापडाची किंमत जड वाटत नाही. रणात कागदाचा तुकडाही टाकू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील वृद्धांस बरोबर न्यावे. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांस मागे ठेवण्याची आपली चाल आहे. पण पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ पुष्कळदा त्यांसच लागतो.

त्या दोघा भावांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. सर्व काही गोड झाले असे आम्ही लिहीत नाही. बांध अजून आहे, बोअरही दोन आहेत, आणि पाळीचा हिशेब अजून दोघेही मनात ठेवतात. परंतु उन्हाळ्यापूर्वी दोघांनी मिळून विहिरीतील गाळ काढला आणि वरच्या नाल्याचे पाणी विहिरीजवळ मुरावे म्हणून एक चर खणला. येत्या पावसाळ्यात तीत किती पाणी येते हे पाहावयाचे आहे. शेजारच्या चार शेतकऱ्यांनीही आपापल्या जुन्या विहिरींवरील झाकलेले काटे काढले आहेत, असे ऐकतो. ज्यांच्या शिवारात बापाची बुजलेली विहीर असेल त्या आमच्या वाचकांस आमची विनंती एवढीच की, पेरणीची लगबग सुरू होण्यापूर्वी एकदा तिच्या काठावर जाऊन उभे राहावे, आणि जाताना एकटे न जाता ज्याच्याशी तिच्यावरून अबोला आहे त्यासही बोलवावे.